शुगर लो झाली, की पहिली पंधरा मिनिटं

समजा, पाचवीतल्या एका मुलीला टाइप 1 मधुमेह आहे. सकाळी इन्सुलिन घेऊन, घाईत अर्धीच पोळी खाऊन ती शाळेत गेली आणि दुसऱ्या तासाला खो-खो खेळली. मधल्या सुट्टीआधी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले आणि एरवी हसतमुख असणारी ही पोर मैत्रिणीवर उगाचच खेकसली. तिची शुगर लो झाली आहे.

असं का होतं? निरोगी शरीरात साखर उतरू लागली, की स्वादुपिंड इन्सुलिन सोडणं आवरतं आणि ग्लुकॅगॉन नावाचं संप्रेरक सोडतं. त्यामुळे यकृतात साठवलेली साखर रक्तात येते. टोचलेलं इन्सुलिन मात्र परत बोलावता येत नाही. पोळी पूर्ण खाल्ली की अर्धी, मूल बसून राहिलं की धावलं, याचा त्याला पत्ता नसतो. ते आपलं काम करत राहतं. त्यातच खेळणारे स्नायू साखर ओढून घेतात. मांडीत इंजेक्शन घेऊन लगेच धावलं, तर इन्सुलिन आणखी लवकर भिनतं.

घाम, थरथर, धडधड आणि अचानक लागलेली भूक ही शरीराने दिलेली पहिली हाक. मेंदूला साखर कमी पडू लागली, की चिडचिड, गोंधळ, अडखळतं बोलणं, पेंग दिसते. लहान मुलांना हे सांगता येत नाही. तीन वर्षांचं मूल फक्त रडतं किंवा एकदम गप्प होतं. म्हणून ‘हट्ट करतोय’ असं वाटलं, तरी आधी शुगर तपासावी.

तपासण्याआधी मुलाचे हात धुवावेत. बोटाला आंब्याचा रस किंवा साखर लागलेली असेल, तर ग्लुकोमीटर खोटा मोठा आकडा दाखवतो. आकडा 70 मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली असेल, तर उपचार लगेच करायचा. 54 च्या खाली गेला, तर धोका वाढला असं समजावं. मीटर जवळ नसेल आणि लक्षणं दिसत असतील, तर शोधाशोध न करता साखर द्यावी.

साखर किती द्यायची? मुलांसाठी अंदाज असा: दर किलो वजनामागे सुमारे 0.3 ग्रॅम. आपल्या मुलीचं वजन 30 किलो असेल, तर 9 ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याने साधारण दोन सपाट चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर, थोड्या पाण्यात विरघळवून. पेढा, लाडू, चॉकलेट इथे कामाचे नाहीत; त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

मग थांबायचं. हेच सर्वांत अवघड असतं. लेकरू थरथरत असताना आईचा हात आपोआप पुन्हा साखरेच्या डब्याकडे जातो. पण पोटातली साखर रक्तात यायला वेळ लागतो. घाबरून देत राहिलं, तर तासाभराने शुगर 300 वर गेलेली दिसते. म्हणून पंधरा मिनिटं मुलाला बसवून जवळ राहावं आणि मग पुन्हा तपासावं. आकडा अजून 70 च्या खाली असेल, तर तेवढीच साखर पुन्हा द्यावी. वर आला आणि जेवायला वेळ असेल, तर अर्धी पोळी किंवा कपभर दूध द्यावं.

मूल बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये; ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याला कुशीवर वळवावं. डॉक्टरांनी ग्लुकॅगॉन इंजेक्शन दिलेलं असेल, तर ते टोचावं आणि 108 ला फोन करावा. मुलाच्या वजनानुसार त्याची मात्रा डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेली असावी.

संध्याकाळी भरपूर खेळ झाला, तर शुगर रात्रीही उतरू शकते, कारण स्नायू रिकामा झालेला साठा पुढे कित्येक तास भरत राहतात. अशा दिवशी झोपण्यापूर्वी आणि मध्यरात्री एकदा तपासावं. भीतीपोटी इन्सुलिन बंद मात्र कधीच करू नये. तेही जिवावर बेतू शकतं. वारंवार लो होत असेल, तर वेळा आणि आकडे वहीत मांडून डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी.

दप्तरात मोजून बांधलेल्या साखरेच्या दोन पुड्या आणि मीटर ठेवावं. वर्गशिक्षिकेला आणि शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला लक्षणं समजावून सांगावीत. लो झालेल्या मुलाला एकटं पाण्याच्या टाकीकडेसुद्धा पाठवू नये. आणि शुगर वर आल्यावर ‘पोळी का टाकलीस?’ असं रागावू नये. रागाच्या भीतीने मूल पुढच्या वेळी लक्षणं लपवतं. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं ऐकलेलं मूल पुढच्या वेळी पहिल्या थरथरीलाच हात वर करेल.