घरातलं ऑर्किड फुलत नाही? थंडी न लागणारं, लहान आणि वासाचं रोप असं निवडा

कर्जत/खालापूर : लग्नाच्या हॉलमध्ये, हॉटेलच्या काउंटरवर किंवा मुंबई-पुण्याच्या नर्सरीत ऑर्किड दिसतं, मनात भरतं आणि रोप घरी येतं. फुलं महिना-दीड महिना टिकतात. ती गळली की पुढची दोन-तीन वर्षं नुसती पानं. पाणी कमी पडतंय असं वाटून घरातलं कोणीतरी पाणी वाढवतं आणि मुळं कुजून रोपच जातं. पण बऱ्याच वेळा चूक निगा राखण्यात नसते. ती रोप विकत घेतानाच झालेली असते. थंड हवेतलं रोप कर्जत-खालापूरच्या उकाड्यात आणलं, तर पानं येतील, फूल येणार नाही.

सगळी ऑर्किड एका हवेतली नाहीत

ऑर्किड ही एक जात नाही, ते मोठं कूळ आहे. जगात त्याच्या सुमारे २८ हजार जाती आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या २०१९ च्या यादीत आपल्या देशातल्या १,२५६ जाती नोंदल्या आहेत. यातल्या काही हिमालयातल्या गारव्यात वाढतात, तर काही समुद्रकाठच्या दमट उकाड्यात. म्हणून जाणकार नर्सरीवाले थंड हवेची, मध्यम हवेची आणि उष्ण हवेची असे तीन गट करतात.

सिक्कीम-दार्जिलिंगकडे फिरायला गेलेले लोक हौसेनं आणतात ते सिम्बिडियम थंड गटातलं. पावसाळा संपल्यावर काही आठवडे रात्री १० ते १५ अंशांपर्यंत खाली आल्या, तरच त्याला कळ्यांचा दांडा फुटतो. आपल्याकडे नेमका तेव्हा ऑक्टोबरचा उकाडा असतो. डिसेंबर-जानेवारीत गारवा पडतो खरा, पण तो उशिरा येतो आणि फार टिकत नाही. नोबिल प्रकारच्या डेंड्रोबियमलाही अशीच कोरडी थंडी लागते.

दुकानात सगळ्यात जास्त दिसणारं, मोठ्या पांढऱ्या-गुलाबी फुलांचं फॅलेनोप्सिस उष्ण गटातलं आहे. तरी सतत २८ अंशांच्या वर तापमान राहिलं तर त्याला दांडा फुटत नाही. आपल्याकडचा हिवाळा त्याला पुरतो, पण त्यातल्या बहुतेक रोपांना वास नसतो. गुच्छात येणारं जांभळं 'सोनिया' डेंड्रोबियम उकाड्यात छान फुलतं, मात्र तेही जवळपास बिनवासाचं आणि उंच वाढणारं. घरासाठी लहान, वासाचं आणि उकाड्यात फुलणारं रोप हवं असेल तर नाव विचारूनच घ्यावं लागतं.

आपल्या घरांना चालतील अशी रोपं

*ब्रासावोला नोडोसा :* मध्य अमेरिकेतलं रोप. पानं जाड, अरुंद, मांसल. पांढरं फूल दिवसा गप्प असतं आणि रात्री सुगंध सोडतं, अगदी आपल्या रातराणीसारखं. पतंगांना बोलावण्यासाठी निसर्गानं केलेली ही सोय आहे. उकाडा आणि थोडा कोरडेपणा सोसतं, पण उजेड भरपूर हवा. नवशिक्यानं इथून सुरुवात करायला हरकत नाही.

*फॅलेनोप्सिस बेलिना आणि व्हायोलेसिया :* बोर्निओ-मलेशियाकडच्या गरम, दमट जंगलातली ही रोपं. पानं रुंद, दांडा आखूड, फुलं एकेक करून येतात आणि वास गोड असतो. कमी उजेडात चालतात, म्हणून घराच्या आत ठेवायला ही जास्त सोयीची. फूल गळलं तरी हिरवा दांडा कापू नये, त्याच दांड्यावर पुन्हा कळी येते. जानेवारीच्या गार रात्री मात्र उघड्यावर ठेवू नये.

*रिंकोस्टायलिस जायगँटिया :* म्यानमार-थायलंडकडचं. पानं जाड, फुलांचा घोस भरगच्च, वास दूरपर्यंत जाणारा. फुलं हिवाळ्याच्या सुमाराला येतात. रोप उंच होत नाही, पण बाजूला पसरतं आणि मुळं मोकळी लोंबतात. खिडकीला टांगलेल्या लाकडी टोपलीत ते खूश असतं.

*मॅक्सिलारिया टेनुइफोलिया :* गवतासारखी पानं आणि लहान लालसर फुलं. फुलाला चक्क ओल्या खोबऱ्याचा वास येतो. लाल-पिवळ्या रंगाची हौस असणाऱ्याला रोप साधं वाटेल, पण वासासाठी ठेवण्याजोगं.

*ऑनसिडियम 'ट्विंकल' :* वीतभर उंचीचं रोप, बारीक फुलांचे झुबके आणि व्हॅनिलासारखा वास. याची मुळं बारीक असतात, म्हणून पूर्ण सुकू देऊ नयेत. मार्च ते मे या काळात जपावं लागतं. याच कुळातलं 'शेरी बेबी' चॉकलेटसारख्या वासासाठी प्रसिद्ध आहे, पण त्याचा दांडा लांब जातो. जागा कमी असेल तर 'ट्विंकल'च बरं.

विकत घेताना काय पाहावं?

पहिलं, फूल असलेलं रोप घ्यावं आणि स्वतः वास घेऊन बघावं. काही फुलं सकाळी वास देतात, काही फक्त रात्री. दुपारी नर्सरीत वास आला नाही म्हणून रोप वाईट ठरत नाही. वास कधी येतो हे विचारावं.

दुसरं, नर्सरी कुठली ते विचारावं. डोंगराळ थंड भागात वाढवून आणलेल्या रोपापेक्षा कोकणात, मुंबईच्या परिसरात किंवा केरळात एक उन्हाळा काढलेलं रोप आपल्याकडे लवकर रुळतं.

तिसरं, वय पाहावं. प्रयोगशाळेतल्या बाटलीतून काढलेलं बोटभर रोप स्वस्त मिळतं, पण फुलायला तीन ते पाच वर्षं लागू शकतात. ज्यावर जुन्या दांड्याची खूण दिसते ते रोप आधी फुललेलं असतं.

चौथं, मुळं पाहावीत. टणक मुळं चांगली. दाबल्यावर मऊ, तपकिरी लागली तर रोप परत ठेवावं.

ऑनलाइन मागवताना फोटोतल्या निळ्याशार फुलांना भुलू नये. भडक निळं फॅलेनोप्सिस बहुतेकदा रंग देऊन केलेलं असतं, पुढचं फूल पांढरं येतं.

पत्र्याचं घर, पडवी आणि पावसाळा

कर्जत-खालापूरचा उन्हाळा चाळिशी गाठतो आणि पावसाळा तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. दोन्हीत रोप सांभाळायचं असतं. पत्र्याच्या छपराखाली दुपारी भट्टी होते, तिथं ऑर्किड ठेवू नये. कौलारू घराची पडवी किंवा पूर्वेची खिडकी उत्तम. सकाळचं कोवळं ऊन पडावं, दुपारचं नको. पानं गडद हिरवी झाली तर उजेड कमी, पिवळट-लालसर झाली तर ऊन जास्त, इतका साधा हिशेब आहे.

कुंडीत माती घालू नये. कोळसा, विटांचे तुकडे आणि भिजवून घेतलेल्या नारळाच्या सोडणाचे तुकडे पुरतात. कुंडीला बाजूनेही भोकं असावीत. मुळं चांदीसारखी पांढुरकी दिसली की पाणी द्यावं, हिरवी असतील तर थांबावं. पाणी सकाळी द्यावं, पानांच्या मधल्या खळग्यात साचू देऊ नये. बोअरवेलचं पाणी क्षारांचं असेल तर मुळांची टोकं जळतात. पागोळीचं पाणी पिंपात धरून ठेवलं तर ते सगळ्यात चांगलं.

शेतात वापरतो तेच १९:१९:१९ खत चालतं, पण लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, ओल्या मुळांवर. पावसाळ्यात रोप छपराखाली घ्यावं, हवा खेळती ठेवावी आणि रात्री टॉर्च घेऊन गोगलगाई वेचाव्यात. पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्यानं पुसून काढावा.

आपली आमरी झाडावरच राहू द्या

एवढं वाचून कोणी म्हणेल, आपल्याच रानात आमरी आहे, मग विकत कशाला? बरोबर आहे, सह्याद्रीत वासाच्या सुंदर आमरी आहेत. उन्हाळा सरता सरता लांब गुलाबी-पांढरा घोस सोडणारी सीतेची वेणी त्यातलीच. आसामात हेच फूल राज्यपुष्प आहे आणि बिहूच्या सणात बायका ते केसात माळतात. माथेरानच्या झाडीत पावसाळ्याच्या तोंडावर फिरताना अशा आमरी जुन्या खोडांवर दिसतात.

पण रानातून ओरबाडलेली आमरी घरात फार काळ जगत नाही. तिची मुळं सालीला घट्ट चिकटलेली असतात, काढताना ती तुटतात. जंगलात नवीन रोप तयार होणंही अवघड. एका बोंडात लाखो बिया असतात, पण त्या धुळीइतक्या बारीक आणि पोटात अन्नसाठा नसलेल्या. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच बी रुजतं. त्यामुळे एक जुनं रोप गेलं की त्या खोडावर दुसरं यायला वर्षं लागतात. शिवाय राखीव जंगलातून रोप काढणं भारतीय वन कायदा १९२७ नुसार गुन्हा आहे. रस्त्याकडेला सालीच्या तुकड्यासकट, कुंडीशिवाय विकायला ठेवलेली आमरी दिसली तर ती रानातली असण्याची शक्यता मोठी. ती घेऊ नये.

एक गैरसमज बागायतदारांनीही दूर करायला हवा. आंब्या-फणसाची साफसफाई करताना बांडगूळ समजून आमरी कोयत्यानं खरवडली जाते. बांडगुळाची मुळं फांदीच्या आत शिरतात आणि झाडाचा रस ओढतात, ते काढलंच पाहिजे. आमरी फक्त सालीवर बसते. पाऊस, दव आणि सालीवर साचलेला पालापाचोळा यांवर ती जगते, आंब्याचं काही खात नाही. पांढुरकी जाड मुळं सालीवर बाहेरूनच पसरलेली दिसली की ती आमरी. ओळख पटत नसेल तर फांदी तोडण्याआधी एक फोटो काढून कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात दाखवावा.

थोडक्यात, घरासाठी प्रयोगशाळेत किंवा नर्सरीत तयार झालेलं, उष्ण हवेचं, वासाचं लहान रोप घ्यावं आणि रानातली आमरी आंब्यावरच फुलू द्यावी. पहिल्या वर्षी एकच रोप घ्यावं. त्यानं आपल्या घरात एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढला, की मगच दुसऱ्यासाठी खिशात हात घालावा.