कास्तकाराच्या घरच्यांनी जायचं कुठं?

पिकाबद्दल विचारायचं असेल तर नागपूर जिल्ह्यात जागांची वाण नाही. केंद्रीय कापूस संशोधन संस्था इथंच, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्थाही इथंच, आणि कृषी महाविद्यालय तर १९०६ सालचं. काटोलच्या संत्र्यावर कीड दिसली किंवा भिवापूरची मिरची सुकायला लागली, तर किसान कॉल सेंटर २००४पासून आहे, क्रमांक १८००-१८०-१५५१. घरातला कर्ता माणूस गेला की मात्र वाट हरवते.

कारण मदत कुठं मागायची, हे तो माणूस कशानं गेला यावर ठरतं. साप चावला, वीज पडली, अपघात झाला, तर गोपीनाथ मुंडे योजनेतले दोन लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. आत्महत्या असेल तर २००६च्या शासन निर्णयानुसार एक लाख. त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, तेही जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीनं प्रकरण ‘पात्र’ ठरवल्यावर. सातबारा कुटुंबाच्या नावावर हवा, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. दुसऱ्याचं वावर ठेक्यानं करणारा आणि गावातल्या बिनपरवाना सावकाराकडून पैसे उचलणारा इथंच गळतो. खरं तर सगळ्यात उघड्यावर तोच होता.

यापलीकडेही मागं राहिलेल्या बाईच्या खेपा उरतातच. वारस नोंदीसाठी तलाठी, संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील, कर्जखात्यासाठी बँक. प्रत्येक ठिकाणी तोच मृत्यूचा दाखला, तीच हकिगत पुन्हा सांगायची. योजना आहेत, पण त्या एकमेकींशी बोलत नाहीत. तो भार त्या बाईवर येतो, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

ही वाट सोपी होऊ शकते, याचा पुरावा शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. तिथल्या ३० गावांत ‘संगाथ’ संस्थेनं ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प राबवला. डॉक्टरांची वाट न बघता गावपातळीवरचे प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी गेले, बसले, ऐकलं, आणि गरज असेल त्यालाच पुढं मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे आधी ४.३ टक्के होते, ते दीड वर्षात २७.२ टक्के झाले. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त हे निष्कर्ष छापून आले. माझ्या मते यातली खरी गोष्ट साधी आहे: लोक कचेरीत गेले नाहीत, माणूस लोकांकडे गेला.

तशी माणसं आपल्या गावातही आहेत. आशाताईला कोणाच्या घरात काय चाललंय ते ठाऊक असतं. ‘उमेद’च्या बचतगटात बसणाऱ्या बायांना कर्जाचा हप्ता कोणाचा थकला तेही कळतं. त्यांच्याकडे क्रमांकांचा एक कागद हवा, आणि तोच ग्रामपंचायतीच्या फलकावर मोठ्या अक्षरात रंगवलेला हवा. मन खचलं असेल तर टेलिमानस १४४१६, दिवसरात्र सुरू, मोफत.

आणि प्रकरण ‘अपात्र’ ठरलं तर? तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. १९८७च्या कायद्यानं स्त्रीला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. जाण्याआधी १५१०० या क्रमांकावर विचारून घेता येतं.