पाणी कुठवर आलं होतं?

पहाटे ४. इमारतीची पाण्याची मोटर सुरू व्हायच्या आत उठतो. स्वयंपाकघरातलं टेबल पुसून वही उघडतो. गेली चार वर्षं एकच कादंबरी लिहितोय, २६ जुलै २००५ची. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे मुंबईत सगळ्यांना पाठ आहे. राष्ट्रीय उद्यानातून उतरून मनोरीच्या खाडीला मिळणारी आमची दहिसर नदी त्या दिवशी कुणाच्या घरात कशी शिरली, हे मात्र ज्याच्या त्याच्या मनातच राहिलंय. दोन तासांत अर्धं पान झालं. त्यातल्या तीन ओळी खोडल्या.

६.३०. शाळा सकाळची, चालत वीस मिनिटांवर. दहिसरला विरार लोकलमध्ये शिरायचं दिव्य माझ्या वाट्याला आलं नाही, म्हणूनच पहाट हाती लागते. वर्तमानपत्राची नोकरी सांभाळून अरुण साधूंनी 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' कशा लिहिल्या असतील, हे मनात आलं की हात जोडावेसे वाटतात.

७ ते १२.३०. मराठीचे तास. शिकवता शिकवता कान मागच्या बाकांवर असतो. ही सवय मला डब्लिनच्या रॉडी डॉइलमुळे लागली. किलबॅरॅक या रेल्वेलाइनवरच्या उपनगरात तो वाढला आणि तिथल्याच शाळेत चौदा वर्षं इंग्रजी आणि भूगोल शिकवत राहिला. 'द कमिटमेंट्स' ही पहिली कादंबरी त्यानं १९८७ साली मित्राच्या साथीनं स्वतःच छापली. १९९३मध्ये 'पॅडी क्लार्क हा हा हा'ला बुकर मिळालं. नोकरी सुटली तीही त्याच वर्षी. त्याची माणसं गल्लीत बोलतात तशीच पुस्तकात बोलतात. संवादाला अवतरणचिन्हं नाहीत, नुसती रेघ. आपल्याकडे भाऊ पाध्यांनी १९६५ साली 'वासूनाका'त नाक्यावरची भाषा आणली आणि शिव्या खाल्ल्या. या दोघांना वाचून मला पटलं, की दहिसरचं बोलणं कादंबरीत दादरचं करायचं कारण नाही.

दुपारी जेवण, डुलकी, वह्यांची तपासणी.

५.१५. नदीजवळच्या चाळीतल्या मावशींकडे गेलो. हस्तलिखितात मी त्यांना पाण्यात उभ्या राहून रडताना दाखवलं होतं.

— मावशी, पाणी कुठवर आलं होतं?

त्यांनी भिंतीवर तळहात टेकवला. खांद्याच्या वर.

— इथवर. आणि सिलिंडर तरंगायला लागला. रिकामा होता ना! दारातनं चाललाच होता बाहेर. जुन्या साडीनं खिडकीच्या गजाला बांधला बघ.

— रडलात?

— कधी रडू? एका हातात पोर, एका हातात साडीचं टोक.

रेशनकार्ड गेलं, भांडी गेली, लग्नातले फोटो गेले. सिलिंडर राहिला. बोलता बोलता त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळून घट्ट ओढून दाखवलं. वीस वर्षांनंतरही हाताला ती गाठ आठवत होती.

रात्री ९. रडण्याची चार पानं काढून टाकली. त्या जागी साडीची गाठ आली, अवघ्या अकरा ओळींत. कादंबरी आता कुठे खरी व्हायला लागलीय.

मागच्या कादंबरीच्या पाचशे प्रती निघाल्या होत्या. हिच्याही तेवढ्याच निघतील. पण ही आठवण सांगणारी माणसं थकत चालली आहेत. तुमचं घर दहिसर, पोयसर, ओशिवरा किंवा मिठीच्या काठी असेल, तर पाणी कुठवर आलं होतं ते घरातल्या थोरांना आजच विचारा, आणि त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.