आयकिदो: समोरचा का पडतो?

आयकिदोचे प्रात्यक्षिक पाहणाऱ्यांचे हमखास दोन तट पडतात. पांढऱ्या पोशाखातला एक जण धावत येऊन दुसऱ्याचे मनगट पकडतो. काळा घेरदार हाकामा घातलेला दुसरा जागच्या जागी वळतो न वळतो, तोच पहिला गिरकी घेऊन चटईवर पडलेला असतो. एका तटाला हे ठरवून केलेले नाटक वाटते: पडायचे म्हणून आलेला माणूस पडला, त्यात काय मोठेसे? दुसऱ्या तटाला वाटते, पाडणाऱ्याच्या अंगी काही गूढ शक्ती आहे आणि दोन-चार वर्षे घाम गाळला की ती आपल्यालाही मिळेल. नव्याने शिकायला येणारे बरेच जण यांपैकी एक समजूत बरोबर घेऊन येतात. पहिल्या समजुतीने सराव उथळ होतो, दुसरीने भाबडा. दोन्हींतली चूक मात्र एकच आहे. सगळ्यांची नजर पाडणाऱ्यावर खिळलेली असते आणि पडणारा काय करतो आहे, हे कोणी पाहत नाही. आयकिदोच्या वर्गात निम्मा वेळ पडणाऱ्याच्या भूमिकेत जातो. ती भूमिका समजली नाही तर या कलेचा उपयोग, तिच्या मर्यादा, तिच्यातले धोके, यांतले काहीच नीट कळत नाही.

आधी इतिहासाबद्दलचा एक घोळ दूर करायला हवा, कारण बाकीचे गैरसमज त्यावरच पोसले जातात. आयकिदो ही सामुराईंच्या काळापासून चालत आलेली, मुळातच अहिंसक अशी प्राचीन विद्या आहे, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात ती विसाव्या शतकात घडलेली आहे. तिचे संस्थापक मोरिहेइ उएशिबा १८८३ मध्ये जपानच्या वाकायामा प्रांतातील तानाबे गावी जन्मले. १९१५ मध्ये होक्काइदो बेटावर त्यांची ताकेदा सोकाकु यांच्याशी गाठ पडली. ताकेदांकडून ते दाइतो-र्यु ही सांधे पिळून जेरबंद करण्याची कठोर पद्धत शिकले आणि आयकिदोतले बहुतेक डाव तिच्यातूनच आले. पुढे ओमोतो-क्यो या धर्मपंथाच्या सहवासात त्यांच्या शिकवणीला आध्यात्मिक वळण लागले. पण त्याच काळात ते लष्कराच्या आणि नौदलाच्या प्रशिक्षणसंस्थांतही शिकवत होते. त्यांचा टोकियोतला दोजो, म्हणजे सरावाची जागा, १९३१ मध्ये उभा राहिला, तो ‘नरक दोजो’ म्हणूनच ओळखला जाई. ‘आयकिदो’ हे नाव अधिकृतपणे रूढ झाले १९४२ मध्ये. आयकिदोत आपण कधीच पहिला प्रहार करत नाही, या लाडक्या समजुतीलाही इतिहासाचा आधार नाही. १९३८ मध्ये निघालेल्या उएशिबांच्या ‘बुदो’ या सचित्र पुस्तिकेत डाव करणाराच आधी हात उगारतो, प्रतिस्पर्ध्याला बचावासाठी हात वर करायला भाग पाडतो आणि तोच हात धरतो, असे अनेक डाव आहेत. या प्रहाराला ‘आतेमी’ म्हणतात. शांततेचा संदेश खोटा आहे, असे मला म्हणायचे नाही. उएशिबांनी तो मनापासून सांगितला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचे पुत्र किश्शोमारु यांनी तो जगभर नेला. पण त्याच युद्धोत्तर काळात ही कला जाहीर प्रात्यक्षिकांतून लोकांपुढे आली. अनोळखी माणसाला आयकिदो पहिल्यांदा दिसतो तो अशा देखण्या रूपात, आणि तिथूनच पुढचा गोंधळ सुरू होतो.

वर्गात प्रत्यक्ष काय चालते ते पाहू. शिक्षक एक डाव दोन-तीनदा करून दाखवतात, मग जोड्या लागतात. डाव करणारा तो ‘नागे’, हल्ला करून डाव झेलणारा तो ‘उके’. साधारण रीत अशी की नागेने उजव्या-डाव्या हाताने मिळून चार वेळा डाव करायचा आणि मग भूमिका बदलायच्या. हल्ला कोणता येणार, हे दोघांना आधीच ठाऊक असते. इथेच ‘नाटक’ म्हणणाऱ्यांना पुरावा सापडल्यासारखा वाटतो. पण जपानच्या जुन्या तलवारविद्येत सराव असाच चालतो, आणि तिथे हरण्याची बाजू मुद्दाम वडीलधाऱ्या, अधिक जाणत्या माणसाकडे दिलेली असते. खरा वार, योग्य अंतरावरून आणि योग्य क्षणी देणे हे त्याचे काम. तो वार खोटा असेल तर शिकणारा चुकीचेच शिकेल. आयकिदोत उकेची जबाबदारी हीच आहे. हाताच्या कडेने डोक्यावर वार करायचा असेल, तर समोरचा हलला नाही तर तो लागेल, अशा रेषेत तो यायला हवा. मनगट पकडायचे तर पकडीत हेतू हवा. आणि तोल गेल्यावर शरीर जिकडे जात आहे तिकडे जायला हवे. आधीच उडी मारायची नाही आणि खांबासारखे ताठही व्हायचे नाही.

ताठ का व्हायचे नाही, हे नवख्यांना सर्वात उशिरा पटते. कोतेगाएशीत मनगट बाहेरच्या बाजूला वळवले जाते, निक्योत ते आतल्या बाजूला दुमडून दाबले जाते. हे सांधे लहान आहेत. पूर्ण वेगाने, पूर्ण प्रतिकाराविरुद्ध हे डाव केले तर जोडीदार दुसऱ्या दिवशी सरावाला येणार नाही. ज्युदोच्या स्पर्धेत सांध्यांवरचे डाव फक्त कोपरापुरते ठेवले आहेत. मनगट पिळणे तिथे वर्ज्यच आहे. ज्युदोने धोकादायक डाव बाजूला काढले आणि उरलेल्यांवर मोकळी झटापट उभी केली. आयकिदोने धोकादायक डाव ठेवले आणि झटापट बाजूला काढली. दोन्ही निवडींची किंमत मोजावी लागते. आयकिदोची किंमत म्हणजे उकेचे सहकार्य, आणि ते उघडपणे मान्य करण्यात कमीपणा नाही.

सहकार्य आहे म्हणून धोका नाही, असे मात्र मुळीच नाही. ‘सौम्य कला आहे, लागत नाही’ हा आयकिदोविषयीचा सर्वात घातक गैरसमज आहे. शिहोनागे या डावात उकेचा हात त्याच्याच खांद्यामागे दुमडून त्याला पाठीवर पाडतात. जपानमधल्या विद्यापीठांच्या क्लबांत अशा फेकींत डोके मागे आपटून विद्यार्थी दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणूनच पहिले काही आठवडे पडण्याला द्यायचे असतात. त्याला ‘उकेमी’ म्हणतात. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची आणि नजर आपल्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची. एवढ्यानेच डोके जमिनीपासून वर राहते. मग एक पाय आत दुमडून टाचेजवळ बसायचे, पाठ गोल ठेवायची, श्वास सोडायचा. मागे हात टेकवून पडणे थांबवायला जायचे नाही. मनगटे आणि कोपरे दुखावतात ती या उपजत सवयीमुळे. पुढे पडताना हाताची बाहेरची कडा, मग खांदा, मग पाठीवरून तिरपे विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत, असा शरीराचा जमिनीला क्रमाने स्पर्श होतो. डोके आणि कणा सरळ रेषेत जमिनीवर येतच नाहीत. सांध्यावरचा दाब सहनशक्तीच्या कडेला आला की मोकळ्या हाताने चटईवर किंवा जोडीदारावर दोनदा थाप मारायची. थाप म्हणजे हार नव्हे. आणि थाप ऐकताच न सोडणारा जोडीदार कितीही वरच्या दर्जाचा असो, चूक त्याचीच असते.

आता गूढ शक्तीकडे. तिला ‘की’ म्हणतात. ‘की’ची कसोटी म्हणून न वाकणारा हात बऱ्याच ठिकाणी दाखवतात. हात सैल, किंचित वाकवून पुढे धरायचा, बोटांतून पाण्याची धार वाहते आहे अशी कल्पना करायची. मग जोडीदाराला तो कोपरातून वाकवता येत नाही. स्नायूंच्या भाषेत कारण सरळ आहे. जोर लावून हात ताठ ठेवायला गेलो की दंडाचे पुढचे आणि मागचे दोन्ही स्नायू आवळले जातात, आणि पुढचा स्नायू हात वाकवायला जोडीदारालाच मदत करतो. लक्ष बोटांच्या पुढे गेले की तो सैल पडतो आणि मागचा एकटा आपले काम नीट करतो. पाण्याची कल्पना उपयोगी आहे; ती शिकवण्याची युक्ती आहे, शरीरातला नवा पदार्थ नव्हे.

‘समोरच्याची ताकद त्याच्यावरच उलटवायची’ हे वाक्यही असेच अर्धवट पोहोचते. पहिल्याच दिवशी शिकवल्या जाणाऱ्या वळण्याच्या सरावात ते उलगडते. जोडीदाराने मनगट घट्ट धरले आहे. नवखा माणूस हात ओढतो. म्हणजे पकड जिथे सर्वात मजबूत आहे तिथेच तो भांडतो. करायचे असते ते असे: पकडलेला हात आहे तिथेच ठेवायचा, बोटांची टोके स्वतःच्या पोटाकडे वळवायची, त्याच हाताच्या बाजूचा पाय पकडणाऱ्याच्या पायाशेजारी टाकायचा आणि कमरेतून मागे वळून त्याच्या शेजारी, तो पाहतो त्याच दिशेला तोंड करून उभे राहायचे. हात हललाच नाही, शरीर हलले. आता त्याचा जोर ज्या दिशेला होता तिथे अडवायला कोणी नाही आणि त्याचा तोल पायाच्या पुढच्या भागावर गेलेला आहे. यात चमत्कार नाही, पण ताकद बिनमहत्त्वाची आहे असेही नाही. समोरचा दुप्पट वजनाचा असेल तर चुकीला जागा तेवढीच कमी उरते.

खरा आक्षेप इथून पुढे येतो: जोडीदार प्रतिकारच करत नसेल, तर रस्त्यावर हे चालेल कशावरून? आक्षेप वजनदार आहे आणि आयकिदोच्या आतूनच तो उठला आहे. उएशिबांचे शिष्य केंजी तोमिकी ज्युदोतही मुरलेले होते. प्रतिकाराशिवाय कौशल्य तपासले जात नाही, या मताने त्यांनी १९५८ मध्ये वासेदा विद्यापीठात क्लब सुरू केला आणि पुढे स्पर्धा उभी केली. तीत एकाच्या हाती मऊ सुरा असतो, दुसरा निःशस्त्र, आणि मध्यंतरानंतर भूमिका बदलतात. उएशिबांना स्पर्धा मान्य नव्हती आणि मुख्य आयकिकाई संस्थेत ती आजही नाही. पण ‘आयकिदोत स्पर्धाच नसते’ हे विधान सरसकट खरे नाही. गोझो शिओदा यांनी काढलेल्या योशिंकान शाखेत टोकियोच्या दंगलविरोधी पथकातले पोलीस कित्येक महिने कसून प्रशिक्षण घेतात, हेही खरे. तरीही माझे मत स्पष्ट आहे. तीन महिन्यांत स्वसंरक्षण हवे असेल तर आयकिदो ही चुकीची निवड आहे. कोल्हापूरच्या तालमीत पोरगा रोज लढत देऊन अंगाला जी सवय लावून घेतो, ती सहकार्याच्या सरावातून लागत नाही. आयकिदोतून मिळते ते वेगळे: अंतराचा अंदाज, दबावाखाली खांदे सैल ठेवणे, आणि पडून पुन्हा उठता येणे. या पडण्याचा उपयोग दुचाकीवरून घसरताना आणि ओल्या फरशीवर होण्याची शक्यता मारामारीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

पट्ट्यांबद्दल थोडक्यात. अनेक दोजोंत मोठ्यांसाठी पांढरा आणि काळा एवढेच पट्टे असतात. आयकिकाईच्या टोकियोतल्या मुख्य दोजोच्या नियमांत पाचव्या क्युसाठी, म्हणजे सुरुवातीच्या श्रेणीसाठी, किमान ३० दिवसांचा सराव लागतो, मग पुढच्या टप्प्यांना ४०, ५०, ५० आणि ६०, आणि पहिल्या दानसाठी, म्हणजे काळ्या पट्ट्यासाठी, आणखी ७०. म्हणजे एकूण ३०० दिवस. आठवड्याला तीन दिवस सराव केला तर हिशेबाने दोन वर्षे होतात. प्रत्यक्षात नोकरी, पावसाळा आणि दुखरे गुडघे धरून बहुतेकांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. काळा पट्टा म्हणजे पारंगतता नव्हे, मूळ डाव पाठ झाल्याची ती खूण आहे. वयाची अट अडसर ठरत नाही. गुडघे ठरू शकतात. गुडघ्यांवर बसणे आणि त्यांवरच चालणे हा सरावाचा भाग आहे. वज्रासनात पाच मिनिटे बसवत नसेल तर ते शिक्षकांना आधीच सांगावे, उभ्याने सराव मागावा. पहिल्या दिवशी महागड्या पोशाखाची गरज नसते. लांब विजार, लांब बाह्यांचा जाड सदरा, कापलेली नखे पुरतात. घड्याळ, अंगठी आणि गळ्यातली साखळी मात्र काढूनच चटईवर पाय ठेवावा.

वर्ग निवडताना शिक्षकांच्या फेकीपेक्षा त्यांच्या शिष्यांचे पडणे पाहावे. हात लागण्याआधीच सगळे उडून पडत असतील, तर तिथे खोटा हल्ला आणि खोटा तोल शिकवला जातो आहे. जुने विद्यार्थी नव्यांना जोरात आपटत असतील, तर तिथून निघावे. शिक्षक सर्वात नव्या माणसाला किती हळू खाली आणतात, पडणाऱ्याची हनुवटी आत आहे का हे पाहतात का, आणि एखादा डाव जमला नाही तर उकेला दोष देतात की स्वतःचे पाऊल तपासायला सांगतात, हे एका तासात दिसते. शुल्क भरण्याआधी एक पूर्ण तास कडेला बसून पाहू द्या, अशी विनंती करावी. ती नाकारणाऱ्या ठिकाणी पैसे भरू नयेत.