पुठ्ठ्याचा संगणक

मागच्या व्याख्यानात आपण विट्गेन्स्टाइनच्या 'भाषाखेळा'पाशी थांबलो होतो. गवंडी नुसतं 'लादी!' म्हणतो आणि मदतनीस लादी आणून देतो. अर्थ शब्दकोशात नसतो, त्या दोघांच्या चालू कामात असतो. आता ही कल्पना संगणकाच्या आरेखनात कशी शिरली ते पाहू.

तुमच्यातले जे तरुण यूएक्स डिझाइनमध्ये आहेत, ते परिषदांमधल्या सहनिर्मितीच्या कार्यशाळांना जातात, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवतात. या पद्धतीचं एक मूळ कामगार चळवळीत आहे, हे त्यांना सहसा कुणी सांगत नाही.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत क्रिस्टन न्यूगोर लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करू लागले. सिम्युला ही संगणकभाषा घडवणाऱ्या दोघांपैकी हे एक, म्हणजे गृहस्थ काही यंत्रविरोधी नव्हते. प्रश्न एवढाच होता, की कारखान्यात संगणक येणार, तर तो कसा असावा हे ठरवणार कोण?

पुढे १९८१ ते १९८५ या काळात स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये 'युटोपिया' प्रकल्प झाला. वर्तमानपत्राची पानं लावणारे छपाई कामगार आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसले. तज्ज्ञांनी आधी नेहमीचाच मार्ग धरला. मुलाखती घेतल्या, गरजांची वर्णनं लिहून काढली. ते फारसं जमलं नाही. का जमलं नाही? इथे जरा थांबू या. पान लावणाऱ्याला विचारा, हा मथळा इथेच का? तो म्हणेल, 'तिथे बरा दिसतो.' यात अडाणीपणा नाही हो! त्याचं ज्ञान हातात आणि नजरेत आहे, वाक्यात नाही. मायकेल पोलान्यी याला अव्यक्त ज्ञान म्हणतात. मुलाखतीच्या जाळ्यात ते सापडत नाही.

मग त्यांनी पुठ्ठा, कागद, लाकूड घेऊन खोटा संगणक उभा केला. एका रिकाम्या खोक्यावर चक्क 'लेझर प्रिंटर' असं लिहिलं! आत काही नाही. पण कामगार त्यापुढे बसून पान लावायला लागला, की 'हे असं नको, इथे मला आख्खं पान दिसलं पाहिजे' असं बोलणं आपसूक सुरू होतं. आणि पुठ्ठा कापायला कुणाची परवानगी लागत नाही. प्रकल्पातले पेले एन यांनी १९८८च्या प्रबंधात हे सगळं विट्गेन्स्टाइनच्या आधारे मांडलं. वापरणारा आणि घडवणारा यांचे भाषाखेळ वेगळे, पुठ्ठ्याचं खोकं दोघांनाही खेळता येईल असा तिसरा खेळ उभा करतं. लादीचं उदाहरण इतकं कामाला आलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

सहभागी आरेखनाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९९० साली सिएटलला भरली, आणि ती दर दोन वर्षांनी भरते. पण उद्योगातल्या परिषदांत काय दिसतं? दीड तासाची कार्यशाळा, सगळे डिझाइनरच, आणि 'वापरकर्ता' म्हणून भिंतीवर एक काल्पनिक माणूस. चिठ्ठ्यांना माझा विरोध नाही, पाहिजे तेवढ्या लावा. युटोपियात कामगारामागे संघटना होती, त्याचं 'नको' ऐकून घ्यावं लागे. कार्यशाळा संपल्यावर यातलं काय ठेवायचं आणि काय फेकायचं, हे ठरवताना तो माणूस खोलीत असतो का, ते बघा.

प्रश्न असतील तर आता घेऊ.