उंच इमारतीच्या पायथ्याशी एवढा वारा का सुटतो?

आज एक साधा वाटणारा प्रश्न. समोर एवढी मोठी भिंत उभी राहिली की वारा अडायला हवा ना? मग टॉवरच्या पायथ्याशीच तो जास्त का लागतो?

अडतो, पण थांबत नाही. बघा, जमिनीलगतचा वारा झाडं, घरं यांना घासून मंद झालेला असतो. १०० मीटर वर अडथळे कमी, म्हणून वेग जास्त. हा वेगवान वारा इमारतीच्या रुंद अंगावर आदळला की त्यातला बराचसा भिंतीवरून घसरत खाली फुटपाथवर येतो. मग कोपऱ्यांवरून निसटताना आणखी वेग घेतो. इमारतीखालून आरपार वाट असेल तर विचारूच नका. समोर हवेचा दाब जास्त, मागे कमी, त्यामुळे हवा त्या बोळातून जोरात घुसते.

आणि एक गणित लक्षात ठेवा : वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा धक्का चौपट होतो.

याची किंमत इंग्लंडमधल्या लीड्स शहराने मोजली. तिथे ब्रिजवॉटर प्लेस ही ३२ मजली, ११२ मीटर उंच इमारत २००७ मध्ये पूर्ण झाली. मार्च २०११ मध्ये तिच्याजवळ वाऱ्याने एक लॉरी उलटली आणि तिच्याखाली सापडून पायी जाणारा एक माणूस गेला. लॉरीची उभी बाजू म्हणजे होडीचं शीडच की! पुढे वारा जोरात असला की तिथला रस्ता बंद ठेवायची वेळ आली. वारा फोडणारे मोठे पडदे रस्त्यावर उभे राहिले ते २०१८ मध्ये.

आम्ही कोडवाले रिलीजनंतर बग सापडला की पॅच टाकतो. इथे पॅच यायला ११ वर्षं लागली, आणि मधे एक जीव गेला.

नकाशा कागदावर असतानाच उपाय सोपे असतात. खाली रुंद पोडियम ठेवला की उतरणारा वारा त्याच्या छतावरच आपटतो. दारावर मोठा छज्जा, गोलाकार कोपरे, नेहमीच्या वाऱ्याकडे अरुंद बाजू, यांनीही फरक पडतो. वाऱ्याच्या बोगद्यात मॉडेल ठेवून किंवा सिम्युलेशन चालवून हे आधीच तपासता येतं. लंडनच्या सिटी भागाने २०१९ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचनाच काढल्या.

तुमच्या गल्लीत टॉवर येत असेल तर पाणी आणि पार्किंगबरोबर बिल्डरला हेही विचारा : वाऱ्याची चाचणी केलीत का? चला, भेटू पुढच्या भागात.