पाऊस थांबल्यावर रब्बी ज्वारी कशी तगते?

रब्बी ज्वारी पेरली जाते तेव्हा पावसाळा संपत आलेला असतो. सोलापूर, अहिल्यानगर, बीड या पट्ट्यात सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरण्या होतात. त्यानंतर बहुतेक कोरडवाहू शेतांना पुन्हा पाणी मिळत नाही. काळ्या जमिनीत मुरलेली ओल हीच पुढच्या चार महिन्यांची शिदोरी असते. ती नेमकी फुलोऱ्यानंतर, दाणा भरण्याच्या वेळी संपत येते.

पाणी, उष्णता, थंडी, क्षार यांच्या कमी-जास्त प्रमाणामुळे पिकाची वाढ अडते, त्याला 'अजैविक ताण' म्हणतात. जनावर सावली शोधते, पाण्याकडे जाते. रोपाला जागा सोडता येत नाही. जे काही करायचे ते उभ्या जागी, आणि प्रत्येक उपायाची काहीतरी किंमत मोजून.

पाणी वाचवायचे, तर उपाशी राहायचे

पानांवर सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. जमीन सुकू लागली की रोपात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते आणि ही छिद्रे मिटू लागतात. त्यामुळे पाण्याची वाफ बाहेर जाणे कमी होते. पण कार्बन डायऑक्साइड आत येण्याची वाटही तीच आहे. दार लावले की अन्न तयार होणे मंदावते. शिवाय बाष्पीभवनाने मिळणारा गारवा थांबतो आणि पान तापते.

इथे ज्वारी गहू-हरभऱ्यापेक्षा सरस ठरते. मका आणि उसाप्रमाणे तिची पानेही कार्बन डायऑक्साइड आधी एकवटून घेतात आणि मग वापरतात. त्यामुळे छिद्रे कमी उघडी असली तरी काम चालते. ताटावर दिसणारा पांढरा मेणासारखा थर पाणी राखतो. भर उन्हात पाने सुरळीसारखी गुंडाळली जातात, म्हणजे ऊन कमी जागेवर पडते. पेशींमध्ये साखर आणि प्रोलिनसारखी द्रव्ये साठतात, ती पाणी धरून ठेवतात. मुळे खोल भारी जमिनीत एक मीटरच्याही खाली ओल शोधत जातात.

खडखड्या रोग का येतो?

हे सगळे करूनही ओल संपली तर? कणसातल्या दाण्याला अन्न हवेच असते. पानांकडून ते पुरेसे मिळेनासे झाले की ताटातली साखर दाण्याकडे ओढली जाते. दाणा थोडाफार भरतो, पण ताट आतून अशक्त होते. जमिनीतली बुरशी मुळांवाटे शिरते, बुंध्याचा गाभा सडून काळे पडलेले धागे तेवढे उरतात आणि ताटे कोलमडतात. हाच खडखड्या. मग दाणा हलका भरतो आणि कडबाही खराब होतो. ज्या घरी उन्हाळाभर जनावरे कडब्यावर जगवायची असतात, तिथे हा दुहेरी फटका असतो.

म्हणूनच शेवटपर्यंत हिरव्या राहणाऱ्या ज्वारीकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले. या गुणाचा एक महत्त्वाचा स्रोत इथिओपियातल्या ज्वारीत सापडला. अशा ज्वारीला फुटवे कमी येतात आणि फुलोऱ्याआधी पानांचा पसारा मर्यादित राहतो. सुरुवातीला पाणी कमी खर्च होते आणि दाणा भरताना जमिनीत थोडे उरते. ताटही सहसा उभे राहते.

जमिनीची खोली ठरवते

पण ओल शिल्लक टाकायची तर जमिनीत ती धरायला जागा हवी. हलक्या, उथळ जमिनीत ती नसते. तिथे शहाणपण वेगळे: ताण येण्याआधीच पक्व होऊन मोकळे व्हायचे. फुले अनुराधासारखा लवकर येणारा वाण उथळ जमिनीसाठी शिफारस केला जातो, तो याच कारणाने. मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आहे, तर खोल जमिनीसाठी फुले वसुधा. उथळ जमिनीत उशिरा येणारा वाण दाणा भरण्याआधीच तहानतो. उलट, खोल जमिनीत लवकर येणारा वाण पेरला तर ओल शिल्लक असतानाच पीक संपते आणि दाणा-कडबा दोन्ही कमी मिळतात. १९३०च्या दशकात मोहोळ येथे स्थानिक ज्वारीतून निवडलेला माळदांडी ३५-१ आजही टिकून आहे, कारण ताणातही तो दाणा आणि कडबा या दोन्हींची बऱ्यापैकी हमी देतो.

रोपाला हातभार

रोपाचा खर्च कमी करणे शेतकऱ्याच्या हातात आहे. पेरणीपूर्वी सपाट वाफे केले तर परतीचा पाऊस वाहून न जाता जागीच मुरतो. दाट पेरलेले पीक सुरुवातीलाच ओल पिऊन टाकते, म्हणून दोन ओळींत ४५ आणि दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवून विरळणी करतात. काळी जमीन भेगाळली की त्या भेगांतूनही ओल उडते. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यातील कोळपण्या भेगा बुजवतात आणि तणही काढतात. एखादे पाणी देता येत असेल, तर पोटरी ते फुलोरा या काळात त्याचा मोठा उपयोग होतो.

बियाण्याच्या पिशवीवर 'दुष्काळात तग धरणारा वाण' असे लिहिलेले असले, तरी तेवढ्याने निर्णय होत नाही. कुठल्या जमिनीत, किती खोलीवर आणि किती दिवसांत, हे विचारायला हवे. एका शेतात पिकाला तारणारा गुण शेजारच्या उथळ शेतात त्याच पिकाला महागात पडू शकतो.